शनवार तेली, मुक्काम काशी



वाराणसी कॅन्टोन्मेंटची पोस्टिंग आली तेव्हा माझ्यापेक्षा आमच्या चाळीतल्या शेजाऱ्यांना जास्त आनंद झाला. सहा घरांनी गंगाजल आणायला सांगितलं, आणि मी प्रत्येक रजेला ते इमानेइतबारे आणलंही. वरच्या मजल्यावरच्या काकू म्हणाल्या, "नशीबवान आहात, सरकारी खर्चानं काशी घडतेय." मी काशीला जाणारा यहुदी, यात त्यांना वावगं काहीच वाटलं नाही. पिढ्यान्‌पिढ्या शेजारी राहिलेल्यांना असे प्रश्न पडत नाहीत. प्रश्न पडतात ते नव्या जागी.

हजर झालो त्या दिवशी कागद भरताना बाबूचं पेन धर्माच्या रकान्यावर थांबलं.

"साहब, यहूदी मतलब? पारसी?"

"नहीं."

"तो क्रिश्चन?"

"नहीं."

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून विचारलं, "मुसलमान?"

बिचाऱ्याचा काही दोष नव्हता. त्याच्या छापील यादीत मी नव्हतोच. शेवटी त्यानं 'अन्य' लिहिलं. नोकरीची सगळी वर्षं मी कागदोपत्री 'अन्य' होतो. पुढे २०१६ साली महाराष्ट्र सरकारनं यहुद्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, पण तोवर माझी पेन्शन सुरू झाली होती.

ही पारशी, ख्रिश्चन, मुसलमान अशी साखळी मी जम्मूपासून जोरहाटपर्यंत ऐकली आहे. तिच्यामागून येणारे प्रश्नही ठरलेले असतात. तुम्ही इस्रायलहून कधी आलात? हिब्रू बोलता का? मग एवढं चांगलं मराठी कसं? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर द्यायचं तर सुरुवात कुलाबा जिल्ह्यापासून, म्हणजे आताच्या रायगडपासून करावी लागते.

आम्ही बेने इस्राएल. आमच्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगतात ती गोष्ट अशी : दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याशी एक गलबत फुटलं. सात पुरुष आणि सात बायका तेवढ्या वाचल्या. बाकीच्यांची प्रेतं लाटांनी किनाऱ्याला लावली, ती नवगावलाच पुरली. ती जागा आजही दाखवतात. आमचे धर्मग्रंथ समुद्रात गेले. उरलं ते डोक्यात होतं तेवढंच. सातव्या दिवशी काम करायचं नाही, मुलाची आठव्या दिवशी सुंता करायची, खवले आणि पर नसलेला मासा खायचा नाही, आणि 'शमा' ही एक प्रार्थना. सण, जन्म, मरण, जे काही असेल त्याला तीच प्रार्थना.

गोष्टीतली तारीख इतिहासकार मान्य करत नाहीत. कोणी ती अलीकडे ओढतात, कोणी मागे नेतात, आणि पुरावा म्हणावा असा कागद कोणाकडेच नाही. मला स्वतःला तारखेचं फारसं काही वाटत नाही. कोकणात उतरलेल्या त्या माणसांनी तेलाचे घाणे चालवले आणि शनिवारी ते बंद ठेवले, म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणू लागलं, ही गोष्ट मला तारखेपेक्षा मोलाची वाटते. ते कोण आहेत हे गावाला ठाऊक नव्हतं आणि पुढे पुढे त्यांनाही नीट सांगता येत नव्हतं. पण शनिवारी घाणा बंद, एवढं दोघांनाही पक्कं माहीत होतं.

गावावरून आडनावं पडली : किहीमकर, पेणकर, रोहेकर, अष्टमकर, चेऊलकर, दिवेकर, झिराडकर. नावंही हसाजी, समाजी, बंडाजी अशीच असायची. सणांची नावं ऐका. नव्याचा सण, खिरीचा सण, दारफाळणीचा सण, बिरड्याचा सण. हिब्रू नावं आमच्याकडे मागाहून आली. दारफाळणी म्हणजे योम किप्पुर. त्या दिवशी दारं लावून उपास करून बसायचं, बाहेर कोणाला शिवायचं नाही, म्हणून ते नाव. नवस फेडायचा तर मलिदा करतात : भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, फळं. नवस असतो एलियाहू हनाबीचा, आणि त्यांच्या घोड्याच्या टापा अलिबागजवळ खंडाळ्याच्या खडकावर आहेत असं आम्ही मानतो. बाहेरून आलेल्या यहुद्यांना हे सगळं पाहून चक्कर येते. कोकणातल्या माणसाला यात काही नवल वाटत नाही.

काशीत दुर्गाघाट-ब्रह्माघाटाच्या बाजूला जुनी मराठी घरं आहेत. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक करणारे गागाभट्ट याच शहरातले, आणि विश्वनाथाचं देऊळ पुन्हा उभं केलं ते अहिल्याबाईंनी, त्यामुळे मराठी माणूस तिथे स्वतःला पाहुणा समजत नाही. एका रविवारी अशाच एका घरी चहाला गेलो होतो. घरातल्या आजोबांनी आडनाव विचारलं, 'कर' ऐकून खूश झाले, आणि कोकणातला म्हटल्यावर लगेच, "म्हणजे चित्पावन?" मी सांगितलं, नाही, बेने इस्राएल. नवगावची गोष्ट ऐकून ते खुर्चीत सावरून बसले. म्हणाले, "अहो, चौदा प्रेतं समुद्रातून वाहून आली आणि परशुरामांनी ती जिवंत केली, ही तर आमची गोष्ट!"

दोन्ही गोष्टी एकाच किनाऱ्यावरच्या आहेत आणि दोन्हींत आकडा चौदाचाच आहे, हे खरं. त्यावरून काही मंडळी थेट चित्पावनांना यहुदी ठरवून मोकळी होतात. मी हे व्हॉट्सअॅपवरही वाचलं आहे. पण सारख्या गोष्टी म्हणजे सारखं रक्त नव्हे. समुद्राकाठची माणसं आपलं मूळ सांगताना समुद्राकडेच बोट दाखवणार. आजोबांना मी तेच म्हटलं. त्यांना ते फारसं पटलं नाही, पण दर रविवारी चहाला ये म्हणाले.

आता पलटणीचा इतिहास. माझ्या निवृत्त वाचकांना त्यात जास्त गोडी वाटेल.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई फौजेत आमचे लोक अठराव्या शतकापासून होते. त्यांतलं सगळ्यात ठाऊक असलेलं नाव म्हणजे समाजी हसाजी दिवेकर, म्हणजेच सॅम्युएल इझिकिएल. म्हैसूरच्या दुसऱ्या युद्धात ते टिपूच्या कैदेत सापडले. परंपरेनं सांगतात की जात विचारली तेव्हा त्यांनी 'बेने इस्राएल' असं सांगितलं. टिपूच्या आईला हे नाव कुराणातून माहीत होतं. त्या लोकांपैकी कोणी आजवर पाहिला नव्हता, म्हणून तिनं त्यांना वाचवलं. 'यहूदी' म्हटलं असतं तर काय झालं असतं, याचा विचार मी गार्ड ड्यूटीच्या रात्री पुष्कळदा केला आहे. सुटून आल्यावर दिवेकरांनी नवस फेडला आणि १७९६ साली मुंबईत आमचं पहिलं प्रार्थनास्थळ बांधलं. नाव शआर हारहमीम, दयेचं दार. ती गल्ली आज सॅम्युएल स्ट्रीट म्हणून ओळखली जाते. आमची माणसं सिनेगॉगला मशीदच म्हणत आली, म्हणून 'जुनी मशीद'. मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव याच मशिदीवरून पडलं असंही सांगतात. लोकलनं रोज तिथून जाणाऱ्यांपैकी कितीजणांच्या हे कानावर असेल!

एकोणिसाव्या शतकात बेने इस्राएलांच्या घराघरात सुभेदार, जमादार होते. मग हे लोक फौजेतून गेले कुठे? "तुमच्या लोकांना पैशाची ओढ, बंदूक कशाला धरतील," असं मला एकदा तोंडावर ऐकवलं गेलं. ऐकवणारा पोरगा मनानं चांगला होता, फक्त त्याचं वाचन सिनेमावर झालं होतं. खरं कारण फौजेच्या घडणीत आहे. १८५७ नंतर, आणि विशेषतः १८८०-९० च्या दशकांत, इंग्रजांनी 'लढाऊ जाती' ठरवल्या आणि कंपन्या जातवार बांधल्या. या जातीची एक कंपनी, त्या जातीची दुसरी. ज्यांची डोकी एक अख्खी कंपनी भरण्याइतकी नाहीत, त्यांना भरतीत जागाच उरली नाही. आमचे सगळे मिळून काही हजार, कंपनी कुठून भरणार? १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली, तीही याच चाळणीत. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज लिहिला. आमच्या लोकांनी मात्र मुकाट रेल्वे, पोस्ट आणि कस्टमची वाट धरली. सुभेदारांची नातवंडं बाबू झाली ती अशी.

वाराणसीत ३९ गोरखा ट्रेनिंग सेंटर आहे. पहाटे ते रंगरूट पळताना बघत मी चहा पीत असे. गुरख्यांच्या पलटणी म्हणजे त्याच वर्गवार पद्धतीचा जिवंत नमुना. पोरं इतकी सुरेख असायची की पद्धतीवर रागावणं जमायचं नाही. तरी खाली मैदानात आपलं कोणी कधीच नसणार, हे त्या गच्चीवर चांगलं कळायचं.

स्वातंत्र्यानंतर मात्र दार पुन्हा उघडलं. बेंजामिन अब्राहम सॅमसन हे आमचे बेने इस्राएल. खडकवासल्याला एनडीएचे कमांडंट होते, १९६५ साली आरमाराच्या ताफ्याचे प्रमुख होते, पुढे माझगाव डॉकला गेले. नृत्यांगना लीला सॅमसन त्यांच्या कन्या. जनरल जेकब सगळ्यांना ठाऊक आहेत : १९७१ साली ईस्टर्न कमांडचे चीफ ऑफ स्टाफ, १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागतीचा कागद पुढे ठेवणारे. पण ते बेने इस्राएल नव्हेत, कोलकात्याच्या बगदादी घराण्यातले. हा फरक लोक करत नाहीत. त्याबद्दल पुढे सांगतोच.

त्याआधी एक नाव घेतो, कारण ते फार कमी घेतलं जातं. ले. कर्नल जे. ई. झिराड. झिराड हे अलिबाग तालुक्यातलं गाव. १९६५ च्या सप्टेंबरात सियालकोट भागात चाविंडाजवळ बुटूर डोगरांडीची लढाई झाली. पूना हॉर्सचे रणगाडे घेऊन ले. कर्नल अर्देशीर तारापोर लढत होते. १६ सप्टेंबरला ते पडले, पुढे परमवीर चक्र मिळालं. पारशी माणूस, शिक्षण पुण्याचं. त्यांच्या जोडीला पायदळ होतं ते ८ गढवाल रायफल्सचं, आणि त्या पलटणीचे सीओ होते झिराड. तेही तिथेच पडले. पलटण हातात घेतली सेकंड-इन-कमांड मेजर अब्दुल रफी खान यांनी, तेही पडले. त्यांना मरणोत्तर वीर चक्र मिळालं. एक पारशी, एक यहुदी, एक मुसलमान, आणि भोवती गढवाली, राजपूत, जाट पोरं. मी हे वाराणसीत एका गढवाली हवालदाराला सांगितलं. त्याला झिराडसाहेबांचं नाव ठाऊक होतं, पण ते यहुदी होते हे माहीत नव्हतं. "हम तो उन्हें साहब जानते थे," एवढंच म्हणाला.

आता बगदादी. यहुदी म्हटलं की लोकांना ससून आठवतात : ससून डॉक, पुण्याचं ससून हॉस्पिटल, लाल देऊळ. मग ओघानंच, "म्हणजे तुम्ही लोक भरपूर श्रीमंत." डेव्हिड ससून १८३२ च्या सुमारास बगदादकडून मुंबईला आले. तेव्हा आमचे लोक इथे घाणे ओढून कंटाळले होते. ससूनांच्या दौलतीत मोठा वाटा चीनला जाणाऱ्या अफूचा होता. वाराणसीहून पाऊण दिवसाची फेरी मारून गाझीपूरला जा, तिथे गंगेकाठी अफूचा जुना सरकारी कारखाना अजून आहे. बनारस एजन्सीची अफू तिथे पेट्यांत भरली जायची आणि कोलकात्यात लिलावाला निघायची. पिकवणारा शेतकरी कर्जात, ओढणारा चिनी नशेत, आणि मधल्या सगळ्यांचे वाडे : त्यात इंग्रज होते, पारशी होते, मारवाडी होते, ससूनही होते. आमच्या कोणा तेल्याच्या हाताला त्यातली काडी लागली नाही. उलट या बगदादी मंडळींना आम्ही पुरेसे यहुदी वाटत नव्हतो. १८३६ साली त्यांनी सरकारकडे अर्ज केला की मुंबईच्या दफनभूमीत आमच्या आणि यांच्या कबरींमध्ये भिंत घालू द्या. आपलेही दोष सांगायला हवेत. आमच्यातही 'गोरे' आणि 'काळे' असा भेद होता आणि मिश्र लग्नाच्या मुलांना पंगतीत वेगळं बसवत. भिंती घालायची विद्या सगळ्यांनाच अवगत असते.

काशीतल्या दोन गोष्टी मला वर्षभर पुरल्या. एक स्वस्तिक. दारावर, नावेवर, दुकानाच्या वहीवर. युरोपातला यहुदी ते पाहून दचकतो. मला दचकायला झालं नाही, आमच्या शेजारणी दिवाळीला आमच्या उंबऱ्याबाहेरही रांगोळी घालत आणि त्यात ते असे. नाझींनी आपल्या खुणेला स्वतःच्या भाषेत आकड्याचा क्रूस म्हटलं होतं, त्याचा आपल्या स्वस्तिकाशी अर्थानं काही संबंध नाही. दुसरी गोष्ट मात्र टोचली. रेल्वे स्टेशनच्या पुस्तकांच्या गाड्यावर हिटलरचं आत्मचरित्र हिंदीत रचून ठेवलेलं असायचं, शेजारी यशाची गुरुकिल्ली छापाची पुस्तकं. आमच्यातलाच एक जवान ते विकत घेऊन आला आणि मला म्हणाला, "साहब, डिसिप्लिन हो तो ऐसी." तो माझी खोडी काढत नव्हता, आदरानं दाखवत होता. मी त्याला लंगरच्या मागे बसवलं आणि साठ लाख हा आकडा समजावायला गेलो. आकडा त्याच्या डोक्यात उतरेना. मग म्हटलं, समज की आपल्या पलटणीतून सकाळी नाव पुकारून फक्त मला बाहेर काढलं, माझ्या बायकोला, पोरांना गावातून आणलं, आणि सगळ्यांना एका खोलीत कोंडून विषारी वायू सोडला. गुन्हा काय, तर रकान्यात 'अन्य' आहे. पुस्तक त्यानं काय केलं ठाऊक नाही. पुन्हा माझ्यासमोर आणलं नाही.

आता जे सांगायचं ठरवून बसलो होतो ते.

वाराणसीत असतानाच वडील गेले. आमच्यात दफन शक्यतो त्याच दिवशी करतात, थांबत नाहीत. महानगरी एक्सप्रेसनं मुंबईला पोचलो तेव्हा माती देऊन झाली होती. सात दिवस घरी जमिनीवर बसलो, रजा संपली, परत आलो. तिसावा दिवस वाराणसीत पडला. मुलानं बापासाठी कद्दीश म्हणायचा असतो. त्यात मृत्यूचा उल्लेखही नाही, नुसती देवाची स्तुती आहे. पण तो एकट्यानं म्हणता येत नाही. दहा प्रौढ यहुदी पुरुष हजर लागतात. ज्या शहरात देशभरातून माणसं बापाचं क्रियाकर्म करायला येतात, तिथे माझ्यापाशी एक माणूस होता : मी.

१९९२ साली इस्रायलशी पूर्ण राजनैतिक संबंध जुळल्यानंतर तिथली पोरं सक्तीची लष्करी नोकरी संपवून भारतात झुंडीनं फिरायला येऊ लागली. काशीच्या घाटांवर, बंगाली टोल्याच्या गल्ल्यांत हिब्रू पाट्या दिसायच्या. मी मुफ्तीत अस्सी घाटाकडे गेलो आणि लॉजमधून लॉजमध्ये पोरं गोळा करत हिंडलो. जटा वाढवलेली, सतार शिकणारी, गांजाच्या वासाची पोरं. फौजेतला म्हटल्यावर मोकळेपणानं बोलली. आठ जमली, नववा पोटदुखीनं झोपला होता त्याला उठवलं. त्यातल्या एकानं मात्र मला नीट न्याहाळून विचारलं, "पण तुम्ही नक्की यहुदी आहात ना? दिसत नाही."

पोरगं बावीस वर्षांचं होतं. पण हा प्रश्न त्याच्याहून जुना आहे. १९४८ नंतर आमचे हजारो लोक इस्रायलला गेले. तिथे काहींना असा भेदभाव सोसावा लागला की १९५२ च्या सुमारास त्यांनी भारतात परत पाठवा म्हणून धरणं धरलं, आणि काही खरंच परत आले. मग १९६२ साली तिथल्या मुख्य धर्मपीठानं हुकूम काढला : बेने इस्राएलांशी लग्न लावण्याआधी त्यांची वंशावळ मागे जाईल तितकी तपासा. शनवारी घाणा बंद ठेवला म्हणून ज्यांना इथे ओळख मिळाली, त्यांना तिथे आजीचा दाखला मागितला. आमच्या लोकांनी जेरुसलेमला उपोषणं केली, धरणी धरली. १९६४ च्या ऑगस्टात तिथल्या संसदेनं ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत यहुदीच आहेत, तेव्हा कुठे धर्मपीठ नरमलं. भारतात आम्हाला 'तुम्ही कोण' असं विचारतात, पण 'तुम्ही ते नाहीच' असं कोणी म्हटलं नाही. माझ्या ओळखीचे कितीतरी जण तिकडे आहेत, 'मायबोली' नावाचं मराठी नियतकालिक काढतात, पुरणपोळी करतात, आणि आता त्यांची नातवंडं तिथल्या फौजेत आहेत.

त्या पोराला यातलं मी काहीच सांगितलं नाही. 'शमा' म्हणून दाखवली, आमच्या चालीत. त्यानं ऐकली, खिशातून टोपी काढून डोक्यावर ठेवली आणि रांगेत उभा राहिला. लॉजच्या गच्चीवर संध्याकाळी आम्ही दहा जण उभे होतो. खाली हरिश्चंद्र घाटाकडून धूर येत होता. मी कद्दीश म्हटला, त्यांनी आमेन म्हटलं.

जिना उतरताना लॉजवाल्यानं विचारलं, "साहब, कौन सी पूजा थी?"

म्हटलं, "पिताजी की."

"अच्छा, तब तो ठीक जगह आए," तो म्हणाला आणि गच्चीचे पैसे घेईना. शेवटी चहाचे तेवढे घेतले, दहा कपांचे.